तानाबाईच्या नावाची शिशी

१

अबे बंटी, तू निस्तं ऐक. मधात बोलू नको, अन् हसू तं बिल्कुल नको, कारण यात हसाची जागा एकबी नाही.

आमची रुपालीताई तुले माह्यीत आहे. बाभुळगावची, चष्मेवाली, एमएस्सी झालेली. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यातली गोष्ट होय. त्या सालात कापसाचे काय हाल होते ते तुले सांगाची गरज नाही. दारव्हा रोडवरची एक जिनिंग बंद पडलती, मशिनी भंगारात गेलत्या, अन् रिकाम्या शेडात गोविंदा सरांनी प्रयोगशाळा टाकलती. सर म्हणजे कॉलेजातून रिटायर झालेले केमिस्ट्रीचे प्रोफेसर. रुपालीताई त्यायच्या हाताखाली.

काय बनवत होते म्हणशील, तं दाणे. रेझीन म्हणते त्याले. रव्याएवढे पिवळट दाणे, हातात घेतले तं रेतीसारखे गळते. काचेच्या बारीक नळीत ते भराचे अन् वरून माणसाचं रक्त पातळ करून सोडाचं. ज्या रक्ताले साखर चिकटली आहे ते दाण्यायले धरत नाही, पहिले खाली गळते. बाकीचं लाल वरच अडकून राह्यते. खाली किती गळलं ते मोजलं का समजते, या माणसाची शुगर मांगच्या तीन महिन्यांत कशी होती. आज उपाशी राहून आला तरी उपेग नाही. सर म्हणत, माणूस खोटं बोलते, रक्त तीन महिने काही इसरत नाही.

ही टेस्ट तवा नागपूरलेच होये. खेड्यातला माणूस कायले जाते नागपूरले? म्हणून सर दाणे इथंच बनवत, अन् केळापूर तालुक्यात खैरटोक म्हणून गाव आहे, तिथं दर महिन्याले कॅम्प लावून रक्त आणत अन् त्या दाण्यावर तपासत.

तं मे महिन्याचा शेवट. भर दुपार. लाईन गेलेली, पंखा बंद, शेडात रुपालीताई एकटी. शेडाच्या वरच्या लोखंडाले अजूनबी जुना कापूस लटकून होता, धुळीनं काळा झालेला. हवा बिल्कुल नव्हती, पानबी हालत नव्हतं, अन् तो कापूस हालत होता. तिनं तिकडं पाहून न पाह्यल्यासारखं केलं, अन् खैरटोकहून आलेला बर्फाचा डब्बा उघडला.

रक्ताची एकेक शिशी काढून नाव वाचत गेली. किसनसिंग. धनीबाई. सुखीबाई. मंग एक शिशी हातात आली अन् हात तिथंच थांबला.

चिठ्ठीवर लिहिलतं, तानाबाई मुनेश्वर.

तानाबाई मरून महिना होत आलता. रुपालीताई स्वतः सरांसंग तिच्या जलदान विधीले जाऊन आलती.

तिनं शिशी उजेडात धरली. जुनं रक्त काळं पडते, बंटी. हे लालबुंद होतं. त्याच दिवशी सकाळी काढलेलं.

२

तिले भुताचं भेव नव्हतं. तिले भेव दुसरंच होतं, अन् ते आधी समजून घे.

तानाबाई जानेवारीत पहिल्या कॅम्पले आली तवा तिचा आकडा होता बारा. बारा म्हणजे लय खराब. फेब्रुवारीत आकडा आला साडेपाच. मार्चात बी तेवढाच, एप्रिलात बी तेवढाच. साडेपाच म्हणजे बाई ठणठणीत. शेडात पेढे वाटले गेले, सर तं म्हणे खैरटोकच्या बायांनी आपल्याले जिकून देलं. कॅम्पच्या डॉक्टरनं आकडा पाहून गोळ्या पहिले अर्ध्या केल्या, मंग बंदच करून टाकल्या. अन् एप्रिल सरता सरता तानाबाई घरात बेशुद्ध पडली. काळीपिवळी जीपात टाकून यवतमाळले आणेपर्यंत तिच्यात काही राह्यलं नव्हतं. दवाखान्यात शुगर एवढी निंघाली का मशीन आकडाच दाखवेना. त्यायनं रक्त नागपूरले पाठोलं. तिथून आलं साडेतेरा.

इथं साडेपाच, तिथं साडेतेरा. म्हातारी गेली.

सरांच्या कामाले ज्या संस्थेची मदत होती त्यायची कमिटी सोमवारी येणार होती. त्यायचं ठरल्यासारखंच होतं, का दाणे खराब आहेत, काम बंद करा. पण रुपालीताईच्या डोक्यात कमिटी नव्हती. तिच्या डोक्यात एकच होतं, का ते दाणे माह्या हातचे होय.

ते बनवाची रीत अशी. दोन पातळ रसायनं गरम पाण्यात सोडाची अन् घोटत राहाचं, एका चालीनं, थांबाचं नाही. घोटणं थांबलं का दाण्यायचा गोळा होते. अन् लाईन तर तुले माह्यीत आहे, दिवसातून किती वेळ राहे तवा. म्हणून सरांनी घोटणीले जुनी सायकल जोडलती. लाईन गेली का ताई पायडल मारत बसे. जानेवारीच्या शेवटी नवा घाणा काढला, त्या दिवशी मधातच चेन उतरली. चढवेपर्यंत घोटणं थांबलं. जरासंच. तिनं ते कोणालेच सांगतलं नाही, अन् फेब्रुवारीपासून तोच घाणा वापरात होता.

म्हणजे बघ, ती महिनाभर मनात हेच घोळून राह्यलती, का तानाबाईले मी मारलं.

आता त्याच तानाबाईचं ताजं रक्त तिच्या हातात. दुसरा कोणी असता तं मोरीत ओतून हात धुतले असते. तिनं ते पातळ केलं अन् दाण्यावर सोडलं.

गरमीनं आकडा चुकू नये म्हणून नळ्या माठाच्या पाण्यात उभ्या राहत. ताई समोर स्टूल घेऊन बसली. लाल पाणी हळूहळू उतरलं. तिनं मोजलं. साडेपाच.

अन् नळीत वरती, दाण्यायच्या एकदम तोंडाशी, एक काळसर लाल कडं बसलतं. खाली सरके ना, विरे ना. बाकीच्या लालीपासून अलग. जसं आतून कोणी धरून ठेवलं आहे अन् सोडाले तयार नाही.

३

रक्त काढून आणणारा प्रफुल्ल. पोट्टा गप्पाडा, पण हात हलका, सुई टोचली तरी समजत नाही अशी त्याची ख्याती. तो दुपारून आला तं ताईनं शिशी त्याच्या समोर ठेवली.

"हे कोणाचं रक्त होय?"

"नाव लिहिलं आहे ना वो ताई त्यावर. का आता वाचूनबी मीच दाखवू?"

"वाच."

"तानाबाई मुनेश्वर. मंग? विहाराच्या ओट्यावर बसूनच काढलं."

"प्रफुल्ल, तानाबाई मेली. मांगच्या महिन्यात."

प्रफुल्ल हसला. मंग त्यानं ताईच्या तोंडाकडं पाह्यलं अन् हसणं हळूहळू उतरत गेलं. तो बहिणीच्या लग्नासाठी गावाले गेलता, त्याले कोणी सांगतलंच नव्हतं.

"काय बोलून राह्यल्या ताई," तो म्हणे. "मी नाव पुकारलं. कोणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. साऱ्या बाया खाली मान घालून चूप. मले वाटलं आली नसंन, समोरचं नाव घेऊ. तेवढ्यात मांगून आवाज आला, ओ. अन् ते येऊन बसली."

"तोंड पाह्यलं काय तिचं?"

"दुपट्टा गुंडाळून होती. उन्हात साऱ्याच गुंडाळते. अन् मी काय तोंडातून रक्त काढतो?"

"हात तं पाह्यला असशील. म्हातारीचा होता का तरणा?"

"तुमी कापूस वेचणाऱ्या बायायचे हात पाह्यले नाही ताई. बोंडाची टोकं लागून लागून विशीतला अन् साठीतला हात एकसारखाच होते. मी शीर पाहतो, बस." आपलाच हात चोळत म्हणे, "पण एक सांगू काय? गार होता. बाहेर पंचेचाळीस डिग्री, अन् हात असा, माठाले लावल्यासारखा. मले तवाच कसंतरी झालं."

"दर टायमाले गार राहे?"

"जानेवारीत नव्हता. जानेवारीत तं म्हातारीनं माह्यं डोकं खाल्लं होतं, पायाची जखम दाखवे, सुनेच्या तक्रारी सांगे. फेब्रुवारीपासून बोलणंच बंद. येई, हात समोर करे, उठून जाये. मी म्हटलं नाराज असंन आपल्यावर." त्यानं शिशीकडं पाह्यलं, पण हात लावला नाही. "गाव म्हणते सुनेनंच गोळ्या लपोल्या तिच्या. प्रभावती नाव आहे सुनेचं, जबान लय तिखट. पण ताई, ते मेली आहे, तं मी आज कोणाचा हात धरला?"

४

सरांनी सारं ऐकलं अन् त्यायच्या कपाळाले आठी पडली.

"काही भूतबित नाही," सर म्हणे. "हा पोट्टा खैरटोकले जातच नाही. झाडाखाली बसून एकाच कोणाचं तरी रक्त साऱ्या शिश्यांत भरते अन् आणून देते. मेलेली बाई त्याच्या यादीत राहून गेली, बस."

प्रफुल्लनं बाही वर केली अन् हात टेबलावर ठेवला. "घ्या. माह्यंच भरलं असंन तं पाहून घ्या."

ताईनं त्याचं रक्त घेतलं, दाण्यावर सोडलं. कडं नाही. मंग त्या दिवशीच्या साऱ्या शिश्या एकामांगून एक सोडल्या. किसनसिंगचा आकडा अलग, धनीबाईचा अलग, सुखीबाईचा अलग. एका माणसाचं रक्त राह्यलं असतं तं सारे सारखे आले असते. अन् कडं कोणाच्याच नळीत नाही.

मंग तिले सुचलं. सरांची एक सवय होती, वापरलेले दाणे ते फेकत नसत. धुऊन पुन्हा वापराचे म्हणून जुन्या नळ्या बूच लावून, नावाची चिठ्ठी चिकटवून, मांगच्या फळीवर उभ्या करून ठेवत. ताईनं तानाबाईच्या साऱ्या काढल्या. रक्त तपकिरी पडलतं, पण जिथं अडकलं तिथंच होतं.

फेब्रुवारी, कडं. मार्च, कडं. एप्रिल, कडं.

जानेवारीची नळी तिनं खिडकीत नेऊन फिरून फिरून पाह्यली. कडं नव्हतं.

"सर, हे कडं काय होय?"

सरांनी चष्मा वर केला. "सिकल सेल होय ते, रक्ताची बीमारी. आपल्याकडं लय घरात आहे. त्या प्रकारचं रक्त दाण्यायले जास्त घट्ट धरते, म्हणून वरच बसून राह्यते. एका बाजूनं आलं असंन तं माणसाले काही होत नाही, निस्ता वाहक राह्यते. मायबापाकडून येते, जन्मासंग."

"म्हणजे जानेवारीत नाही अन् फेब्रुवारीत आहे, असं होते काय?"

"नाही होत," सर म्हणे.

ताई बोलत गेली. मले सांगताना बी तिचा आवाज बारीक झालता. म्हणे, दाणे खराब राह्यले असते तं त्यायनं रक्त धरलंच नसतं, जास्त गळलं असतं, आकडा वर गेला असता. गरमीनं बी आकडा वरच जाते. तानाबाईचा तं खाली आला. चेन उतरली त्याचा काही संबंधच नाही. दाणे खरं बोलून राह्यलते. जानेवारीत रक्त देणारी एक बाई, अन् फेब्रुवारीपासून देणारी दुसरी. अन् ते दुसरी जित्ती आहे.

पण बंटी, तिले बरं नाही वाटलं. कारण त्याच टायमाले तिले दुसरी गोष्ट समजली. रक्त तीन महिने इसरत नाही. मंग बाराचा साडेपाच एका महिन्यात होईनच कसा? हे तं तिले फेब्रुवारीतच दिसाले पाहिजे होतं. सरांलेबी. आकडा चांगला होता म्हणून कोणी इचारलंच नाही. दोघंबी एकमेकाच्या तोंडाकडं पाहत नव्हते.

प्रफुल्ल तोवर फळीवरच्या बाकी नळ्या चाळत होता. तो म्हणे, "ताई, आणखी एकात आहे."

जानेवारीचीच नळी. तसंच कडं, त्याच जागी. चिठ्ठीवर नाव होतं प्रभावती मुनेश्वर.

तानाबाईची सून.

५

सर म्हणे, झालं, सुनेनं सासूच्या जागी आपलं रक्त देलं अन् म्हातारीच्या गोळ्या बंद पाडल्या, पोलिसांले सांगा. ताई म्हणे थांबा. प्रभावतीचा आकडा आठ होता. आठवालीचं रक्त साडेपाच कसं दाखवीन?

दुसऱ्या दिवशी ती पांढरकवड्याले उतरली अन् काळीपिवळीनं खैरटोकले गेली. दुपारचं ऊन असं होतं का गल्लीत कुत्रंबी नाही. दारं बंद, आवाज बंद. एका ओट्यावर बाई बसलती, ताईनं तिले इचारलं तानाबाईचं घर कोणतं. तिनं बोट दाखवलं अन् उठून आत गेली, दाराची कडी लावल्याचा आवाज आला.

प्रभावती मांडवाखाली तूर पाखडत बसलती. तिनं ताईले ओळखलं, पण बस म्हटलं नाही.

"आल्या काय शेडवाल्या बाई. आता कोणाचा आकडा घेऊन आल्या?"

"मले फक्त दोन गोष्टी इचाराच्या आहे," ताई म्हणे.

"इचारा ना जी. आमाले मारून टाकलं तरी इचाराची मुभा आहे तुमाले. माही सासू धडधाकट आहे म्हणे तुमचा कागद, अन् ते इथं पाणी पाणी करत होती. मी म्हटलं बुढे, दवाखान्यात चाल. तं म्हणे, तुले डॉक्टरपेक्षा जास्त समजते काय?" सूप जोरानं हाललं. "भांडलो मी तिच्यासंग. रोज भांडलो. गाव तेवढंच सांगत असंन तुमाले."

"त्यायच्या पायाले काय झालतं?"

"संक्रांतीले काटा रुतला, तो भरूनच नाही आला. पहिल्या कॅम्पले कशीबशी आली, तवापासून उंबरा नाही वलांडला बुढीनं. अंगणातबी मी धरून आणो."

ताईनं इचारलं, "मंग फेब्रुवारीत, मार्चात विहारापर्यंत कोण आलतं?"

सूप थांबलं नाही, पण हळू झालं. "मले काय माह्यीत. मी रोहयोच्या रस्त्यावर जातो सकाळीच. पहिल्या कॅम्पले तेवढी सासूसंग गेलतो."

"तुमाले सिकलचं कार्ड आहे ना?"

"आहे. वाहक म्हणते. मले तं कधी काही झालं नाही."

"लेकराबाळायचं तपासलं?"

"एकच पोर आहे. सोनू. तिचं लग्न जुळलं, पेरणी झाली का तारीख काढतो. आता उगाच कायले तपासाचं अन् पाहुण्यायले बोलाले जागा द्याची?"

घराचं दार उघडं होतं. आत अंधार. उन्हातून पाहिलं तं काही दिसत नव्हतं, निस्ता रांजणातून पाणी घेतल्याचा आवाज येऊन राह्यलता. ताईले काय वाटलं कोणास ठाऊक. मले सांगताना ती म्हणे, मी इचार नाही केला. ती उठून उभी राह्यली अन् कॅम्पमधे प्रफुल्ल पुकारते तसं, मोठ्यानं, साफ आवाजात म्हणे,

"तानाबाई मुनेश्वर."

आतल्या अंधारातून आवाज आला, "ओ."

प्रभावतीच्या हातातलं सूप खाली पडलं.

६

सोनू बाहेर आली. एकोणीस वर्षांची पोट्टी, कोपरापर्यंत हात ओले. आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलतं, अन् ती दाराच्या चौकटीले धरून उभी राह्यली.

"सवयीनं निंघालं," ती म्हणे.

ताईनं तिचा हात हातात घेतला. गार होता.

"सुई टोचली का लय दुखते मले," सोनू म्हणे. "म्हणून पहिले रांजणात बुडवून ठेवतो. मंग समजत नाही."

तिच्या मायले काही सुधरत नव्हतं. "काय बोलून राह्यली वो पोट्टे तू? काय टोचलं?"

मंग तिनं सांगतलं. तू वेचणीले गेला नाही म्हणून तुले माह्यीत नसंन बंटी, पण वावरात मुकादम सकाळी नावं पुकारते. जिचं नाव पुकारलं ते बीमार असंन, तिचा पाय दुखत असंन, तं घरची दुसरी कोणी ओ देते. मुकादमाले काय, दोन हात भरले का झालं. हजेरी लागते, यादीतून नाव पडत नाही. अन् एकदा नाव पडलं का समोरच्या खेपेले पुकारतच नाही. तानाबाईचा पाय दुखे तवा सोनू दोन वर्सांपासून तिच्या नावावर ओ देऊन राह्यलती. साऱ्या बायायले माह्यीत होतं. त्यात लपवासारखं काही नव्हतंच, साऱ्याच देते.

"कॅम्पातबी तसंच पुकारे ना," सोनू म्हणे. "आजी म्हणे, मले चालवत नाही, अन् आपलं नाव पडलं तं गोळ्या बंद होतीन. तू जाऊन बस. मी बसलो. गोळ्या घेऊन आलो. आजी लय खूश झाली."

गोळ्या बंद होऊ नये म्हणून बसवली बंटी. समजलं काय?

"अन् काल काहून गेली मंग?" ताईनं इचारलं. "आजी तं..."

सोनू खाली पाहत होती. "मी पाणी भराले गेलतो. हात रांजणातच घालून निंघालो, कॅम्पचा दिवस म्हणून, सवयीनं. मंग आठवलं का आता कोणासाठी. तशीच मांगं उभी राह्यलो. त्यानं आजीचं नाव पुकारलं. कोणीच ओ देईना. पुन्हा पुकारलं. तो पेन घेऊन खोडाले लागला." तिनं नाक पुसलं. "मले नाही पाहवलं. मी म्हटलं, ओ."

प्रभावती खाली बसून तुरीचे दाणे गोळा करून राह्यलती, एकेक, अन् सूप तिथंच पालथं.

सोनूनं वर पाह्यलं. पोट्टी हुशार होती. ताईच्या तोंडाकडं पाहता पाहता तिच्या डोळ्यात काहीतरी सरकलं.

"ताई," ती म्हणे, "माह्या रक्तानं काही झालं काय?"

७

"नाही," रुपालीताई म्हणे. "त्याचा काही संबंध नाही. चूक शेडातली होय."

प्रभावतीनं मान वर केली. तिले समजलं होतं. तिनं ताईले आत नेऊन पाणी देलं. निंघताना ताईनं तिले बाजूले घेऊन सांगतलं, तुमचं कार्ड आहे म्हणून लग्नाआधी पोरीचं अन् पोराचं, दोघायचंबी सिकल तपासून घ्या, पाहुणे काही म्हणो. ती म्हणे हव.

सोमवारी कमिटी आली. तीन साहेब. सरांनी आदल्या दिवशी ताईले स्वच्छ सांगतलं होतं, "त्या पोरीले इथं आण. साऱ्यायच्या समोर तिचं रक्त दाण्यावर सोडू, कडं दाखवू. दोन मिनिटांत काम वाचते. तुह्यावरचा डागबी जाते." अन् सर चूक नव्हते. त्या दाण्यावर चार तालुक्यातल्या लोकायची टेस्ट होणार होती.

ताई एकटीच गेली त्यायच्या समोर. म्हणे, दाणे बरोबर आहेत, तुमी तुमच्याजवळचं रक्त टाकून पाहा. त्यायनं आणलंच होतं, नागपूरचा आकडा माह्यीत असलेलं. टाकलं. बरोबर आलं. मंग मोठे साहेब म्हणे, मंग या बाईचा आकडा खाली कसा आला?

ती म्हणे, "माह्या हातून शिश्या बदलल्या."

"एकदा?"

"दर टायमाले. अन् बाराचा साडेपाच झाला तवा मी थांबाले पाहिजे होतं. मी नाही थांबलो."

दुसरं खरं होतं, पहिलं खोटं. साहेबानं दोन्हीबी लिहून घेतलं. सर खिडकीबाहेर पाहत होते. काम चालू राह्यलं. ताईले त्याच दिवशी काढलं. खैरटोकात आजबी म्हणते, म्हातारीले मारणारी ते चष्मेवाली बाई. सोनूचं लग्न झालं, नवरदेवाचं रक्त साफ निंघालं, दारव्ह्याले आहे ती, सुखात आहे. आजी शेडवाल्यायच्या चुकीनं गेली असं तीबी मानते.

इथपर्यंत तू म्हणशील, वा. मीबी म्हटलं होतं. पण ताईची झोप उडाली ती दुसऱ्याच गोष्टीनं. तिनं प्रफुल्लले सांगतलं होतं का आता दुपट्टा सोडवून, तोंड पाहून, मंगच सुई लावजो. प्रफुल्लनं दोन महिने पाह्यलं, मंग तो नोकरी सोडून नागपूरले गेला. कमिटीच्या कागदात तं लिहिलं आहे का शिश्या शेडात बदलल्या, म्हणून त्यायनं शेडात नवे नियम लावले, फळीवर नवे खाने केले. कॅम्पात नावं पुकारणं कोणी बदललंच नाही. कायले बदलतीन? तिथं चूक झाली हे कोणाले माह्यीतच नाही. केळापुरात, दारव्ह्यात, अजून कुठं कुठं, ओट्यावर कोणीतरी यादी घेऊन बसते, नाव पुकारते, अन् दुपट्टा गुंडाळलेली कोणीतरी मांगून ओ देते. कोणाच्या नावावर कोणाचं रक्त जाऊन राह्यलं, कोणाच्या गोळ्या बंद होऊन राह्यल्या, देव जाणे.

तिनं खरं सांगतलं असतं तं हे थांबलं असतं. अन् ते एकोणीस वर्षांची पोट्टी जलमभर हेच धरून बसली असती, का आजीले मी ओ देऊन मारलं.

आता बोल बंटी. तू तिच्या जागी असता तं काय केलं असतं?